मैलाच्या आतलं पाणी

लालमहंमदचं म्हणणं एवढंच होतं, की पोरांनी वजू नीट करावी. बस. ह्यापलीकडं त्या बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. गावात दवंडी पिटावी, मच्छिंद्रच्या हरभऱ्यात साखळी पडावी, मशिदीनं ओढ्यापर्यंतची जमीन मागितली अशी बोंब चार वाड्यांत उठावी, असलं काही त्याच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं. पण होतं काय, माणूस सुतळीचं एक टोक ओढायला जातो आणि अख्खी पोत्यांची थप्पी अंगावर येते.

चव्वेचाळीस सालची गोष्ट. लढाई चालू होती, संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले होते, आणि सुप्याहून आत चार मैलांवरच्या कुरणदऱ्यात अशी थंडी पडली होती की कुत्री भुंकायच्या आधी विचार करत होती. लालमहंमद तिथं मशिदीच्या पडवीत चौदा पोरं शिकवायचा. मूळचा नगर शहरातला, वय एकवीस, फायनल पास, डोक्यावर काळ्या गोंड्याची लाल टोपी. ती टोपी तो झोपताना तेवढी काढायचा, आणि तेव्हाही उशाशी ठेवायचा, कारण तिच्यामुळं गाव त्याला ‘उस्ताद’ म्हणत होतं. घरी त्याला ‘लाल्या’ म्हणत. हा फरक फार मोठा असतो, ज्याला दोन्ही ऐकावं लागलंय त्यालाच कळतो.

नेमणूक तीन महिन्यांच्या बोलीवर होती, आणि बोली करणारे होते पीरमहंमद चाचा. चाचा बैलांचे व्यापारी. मशिदीचा सगळा कारभार त्यांच्याकडं. उभ्या आयुष्यात बैल पारखल्यामुळं ते माणसाकडंही आधी दात बघून मग डोळ्यांत बघत. तर एका जुम्म्याला चाचा आडापाशी उभे राहून पोरांची वजू बघत होते. आता नमाजाआधी वजू करायची म्हणजे मनगटं, चूळ, नाक, तोंड, कोपरापर्यंत हात, ओल्या हातानं डोकं आणि मग घोट्यापर्यंत पाय, सगळं क्रमानं, शांतपणे. पोरांचं काय चाललं होतं? मांजर दूध पिऊन मिशा पुसतं ना, तेवढा वेळ. त्यांतही दस्तगीर नावाचं एक दहा वर्षांचं पोर, त्यानं तर पायावर पाणी टाकलंच नाही, पायाला पाण्याची सावली दाखवली आणि पळाला.

चाचांनी त्याला बखोटीला धरून परत आणला.

“लालमियाँ, ही टाच बग. हिच्यात गहू पेरला तर उगवंल.”

“चाचा, लहान आहेत…”

“ल्हान हायती म्हनून तर तुला आनला. मोठ्यांस्नी शिकवायचं आसतं तर मीच बसलो आसतो. आता आईक. फुडल्या जुम्म्याला मी हितं बसनार. पोरांनी माज्यासमूर वजू करायची. धाकानं न्हाई, तुज्या तोंडाकडं बगत बगत न्हाई. मनापासनं. केली तर ऱ्हा. न्हाई तर सुप्यावरनं नगरची मोटार हाय.”

“मनापासून केली हे कळणार कसं?”

“बैल मनापासनं चालतोय का चाबकाखाली, ते मला कळतंय. पोरांचं न्हाई कळायचं?”

झालं. लालमहंमदला ती मोटार नको होती. कारण नगरला त्याच्या वडलांनी एक जागा बघूनच ठेवली होती, लष्कराच्या कँपातल्या खेचरांच्या तबेल्यात. चारा मोजायचा आणि लिहायचा. मुलाखतीला गेला तेव्हा एका खेचरानं त्याच्या बाहीचा तुकडा तोडला होता आणि तिथला हवालदार म्हणाला होता, “पसंत पडलास तू त्याला.” तेव्हा आठ दिवसांत चौदा पोरांच्या मनात वजूबद्दल प्रेम निर्माण करायचं, नाहीतर खेचराच्या मनात आपल्याबद्दल आहेच.

शनिवारी त्यानं टोपी नीट केली आणि असं काही भाषण केलं, असं काही केलं, की पडवीतली चिमणीसुद्धा गप्प बसली. वजूच्या पाण्याबरोबर बोटांच्या टोकांतून माणसाचे लहानसहान गुनाह कसे गळून जातात, चेहरा कसा उजळतो, सगळं सांगितलं. पोरं आ वासून ऐकत होती. इतकी मन लावून ती कधीच ऐकत नसत, आणि तिथंच त्यानं सावध व्हायला हवं होतं.

मेहताबनं हात वर केला. मेहताब म्हणजे चाचांची नात. नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि वकिलाच्या पोटी जन्माला यायची ती चुकून बैलबाजारात आलेली.

“उस्ताद, बोरं चोरली तर त्ये कुठल्या हातातनं गळतंय? तोडत्यात उजव्यानं, पन फांदी डाव्यानं धरावी लागती.”

एवढी गोडी बघून लालमहंमद हरखला. म्हणाला, “दोन्ही हातांतून, बेटा!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मशिदीच्या शेजारच्या मनकर्णाबाई पडवीच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. बाई पन्नाशीच्या, नवरा नाही, मूल नाही, एक बोरीचं झाड आणि एक जीभ, दोन्ही काटेरी.

“मुल्लाजी, तुमी लेकरांस्नी चांगलं वळण लावता म्हनून मी समद्या आळीत सांगत हुते. जीभ झडू माजी. काल समदी बोर मोकळी केली. चोरी काय नवी न्हाई, पोरं चोरत्यातच, मीबी चोरलीत. पन चोरून ह्यो दस्तगीर माज्याच दारात, माज्याच रांजणातलं पानी घेऊन ऐटीत हात धुतोय. म्हनलं काय रं मुडद्या? तर मला म्हनतो, मावशी, फिटलं!”

लालमहंमद कानापर्यंत लाल झाला. त्यानं पोरांना ओळीत उभं केलं आणि खुलासा केला, की दुसऱ्याचं घेतलेलं पाण्यानं जात नाही, ते ज्याचं त्याला परत करावं लागतं. पोरांनी माना डोलावल्या. दुपारी चौदाही जण मनकर्णाबाईंच्या ओट्यावर गेली आणि ओंजळभर बोरांच्या बिया ठेवून आली.

“तीनतीनदा धुतल्यात, मावशी,” दस्तगीर म्हणाला.

बाई त्या बिया पदरात घेऊन पुन्हा पायरीशी हजर. “ह्या आता पेरू, का तुमच्या टोपीत ठिवू?”

आता गावाला कळलंच, की उस्ताद वजूच्या मागं लागलेत. मग काय, सल्ल्यांना काय तोटा. तलाठी शामकांतराव देवळाच्या पारावर बसलेले असत, त्यांनी त्याला मुद्दाम हाक मारून बोलावलं.

“अहो उस्ताद, मनाला लावून घेऊ नका. आमच्यात मुंज झाली की मुलगा संध्या करतो. पहिला आठवडा पळी-पंचपात्र घेऊन. दुसरा आठवडा नुसता पळीकडे बघून. तिसऱ्या आठवड्यात पळी कुठे आहे हे आईला विचारावं लागतं. हे सर्व धर्मांत असंच आहे. भीती घाला, भीती.”

भीती घालायची नाही हीच तर अट! मनकर्णाबाई म्हणाल्या, “ऊन पानी द्या की. ह्या गारठ्यात मला आंघूळ नगं वाटती, लेकरांचं काय घिऊन बसलाय.” हे पटलं. सोमवारी त्यानं तीन दगड मांडून स्वतः पाणी तापवलं, डोळे चुरचुरले, गोंड्याला ठिणगी लागता लागता राहिली. पाणी मस्त तापलं. पोरं जाळाभोवती बसली, ती नमाज होऊन गेली तरी उठली नाहीत.

आणि मग त्याच संध्याकाळी त्यानं ती चूक केली, जी फक्त प्रामाणिक मास्तरच करू शकतो. अर्धवट शिकवायचं नाही म्हणून त्यानं तयम्मुमही शिकवला. म्हणजे असं, की पाणी मिळतच नसेल किंवा आजारपण असेल तर सवलत आहे. स्वच्छ मातीवर तळहात टेकवायचे आणि चेहऱ्यावरून फिरवायचे, पुन्हा टेकवायचे आणि हातांवरून फिरवायचे. झालं. पाणी नाही, थंडी नाही.

चौदा चेहरे असे उजळले, असे उजळले, की वजूच्या भाषणानं उजळले नव्हते.

“पानी नसलं तरच ना, उस्ताद?” मेहताबनं विचारलं.

“नसेल तरच.”

“आसलं तर न्हाई?”

“असेल तर मुळीच नाही.”

“बरं,” मेहताब म्हणाली, आणि विचारात पडली.

मंगळवारी लालमहंमद मशिदीत आला तर आडावर ना बादली ना दोर. आणि पोरं? पोरं मनकर्णाबाईंच्या मागल्या भिंतीपाशी. ती भिंत बाईंनी संक्रांतीला पांढऱ्या मातीनं अशी सुरेख पोतारली होती की वाटसरू थांबून बघत. तिच्यावर सगळे आलटूनपालटून हात टेकवत होते, अगदी मनापासून हो, अगदी क्रमानं. चौदा पोरं, दोन दोन हात, दोन दोन वेळा. छप्पन्न पंजे! आणि दस्तगीरच्या बाबतीत हात टेकवायच्या आधी त्यानं शेण गोळा केलेलं होतं.

“हे काय चाललंय?”

“पानी न्हाई, उस्ताद,” मेहताब म्हणाली.

“का नाही?”

“बादली आडात हाय.”

“आडात का आहे?”

“दोर सुटला.”

“दोर कुणाच्या हातून सुटला?”

“लई गारठा हुता, उस्ताद,” मेहताब खाली बघत म्हणाली. “बोटं बधिर झालीती.”

प्रत्येक उत्तर खरं. आणि वर चाचांची नात. त्यानं रागानं टोपी मागं सारली, पुन्हा पुढं ओढली. तेवढ्यात मनकर्णाबाई मागच्या दारानं बाहेर आल्या, त्यांनी भिंत बघितली, आणि… जाऊ दे, त्या काय बोलल्या ते सांगत नाही. शेवटचं वाक्य होतं, “ज्यानं शिकवलं त्यानं पोतारायची!”

तर मंगळवारची दुपार उस्तादांची कशी गेली? पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून, हातात मातीचं पोतेरं घेऊन. टोपी मात्र डोक्यावरच होती, कारण टोपी काढून भिंत पोतारली तर तो नुसता एक भिंत पोतारणारा माणूस झाला असता. येणारा-जाणारा थांबत होता. एक म्हातारा म्हणाला, “वरच्या कोपऱ्यात राहिलंय बघा, उस्ताद.” चाचा घोड्यावरून गेले, थांबले, बघितलं, आणि एक शब्द न बोलता पुढं गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

बुधवारी बादली काढायला कुणाचा तरी लोखंडी गळ आणला. आडात सोडला. गळ अडकला. ओढला तर दोर तुटला आणि गळही गेला. लढाईचे दिवस, खिळासुद्धा परवान्याशिवाय मिळेना, आणि इकडं मशिदीच्या आडात लोखंड साठायला लागलेलं. गावविहिरीचं पाणी पिण्यापुरतंच न्यायचं, ही पंचांची ताकीद आधीपासून. पोरं खूश. रोज माती, रोज सवलत.

शेवटी लालमहंमद गरजला, “ओढ्याला जा आणि पाणी आणा! मैलाच्या आत पाणी असेल तर मातीची सवलत नाही, जाऊन आणलं पाहिजे. असाच नियम आहे.”

पोरांनी एकमेकांकडं बघितलं.

“वढा मैलाच्या भायेर हाय,” मेहताब म्हणाली.

“आत आहे.”

“भायेर हाय, उस्ताद. मी बकऱ्या घिऊन जातो ना रोज,” दस्तगीर म्हणाला, “लई मैल हाय.”

“लई मैल म्हणजे किती?”

“पार भूक लागंपातुर.”

आता दुसरा कुणी असता तर त्यानं ठोकून दिलं असतं, आत आहे म्हणजे आहे. आठवडाभर पोरांपुढं मऊ राहिल्यावर एक थोबाडीत देऊन मोकळा झाला असता. पण ह्याला ते जमेना. त्याला खरोखरच माहीत नव्हतं, ओढा मैलाच्या आत आहे का बाहेर. आणि दीनच्या, म्हणजे धर्माच्या बाबतीत माहीत नसलेलं ठोकून द्यायचं, मग पोरांनी काय ठोकू नये? रात्रभर तो कुशी बदलत राहिला आणि गुरुवारी सकाळी तलाठ्यांच्या दारात उभा राहिला.

“भाऊसाहेब, मोजणीची साखळी हवी होती. एक दिवस.”

शामकांतरावांनी चष्मा वर केला. “सरकारी साखळी आहे ती. मागितली आणि दिली असं नसतं. अर्ज करा.”

अर्ज केला. त्यात मोजणीचं कारण लिहायचा रकाना. शामकांतरावांनी लेखणी उचलली. “कारण?”

“वजू.”

“वजू नाही यात. वाटणी आहे, खरेदी आहे, पुरानं वाहून गेलेली जमीन आहे आणि हद्दीचा वाद आहे.”

“मग रिकामा सोडा.”

“रिकामा रकाना म्हणजे मामलेदार माझ्या नोकरीत रिकामी जागा करतील. वाटणी लिहू?”

“कुणाची वाटणी? मी एकटाच राहतो!”

“मग हद्दीचा वाद लिहितो. ते लवकर मंजूर होतं, आणि मंजूर मलाच करायचंय.” आणि त्यांनी झोकात लिहिलं: अर्जदार, मशिदीचे उस्ताद. मोजणी, मशिदीपासून ओढ्यापर्यंत. कारण, हद्दीचा वाद. “आता नियमाप्रमाणे दवंडी द्यावी लागेल.”

“दवंडी कशाला?”

“ज्यांच्या जमिनीतून साखळी जाईल त्यांना कळायला नको?”

तर गुरुवारी दिवस मावळताना दवंडी पिटली गेली. मशिदीपासून ओढ्यापर्यंत हद्दीच्या वादाची मोजणी हाय होऽऽ, उद्या सकाळी हाय होऽऽ. आता तुम्हीच सांगा, हे ऐकून गावाला काय वाटेल? ‘पोरांना वजूची गोडी लावायची आहे’ असं कुणाला वाटेल का?

शुक्रवारी सकाळी लालमहंमद साखळी खांद्यावर घेऊन बाहेर पडला, मागं चौदा पोरं, आणि बघतो तर समोर चाळीस माणसं. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात सातबाऱ्याचा उतारा. मच्छिंद्र तर आपल्या हरभऱ्याच्या बांधावर कुऱ्हाड घेऊन बसलेला. मशीद आणि ओढा ह्यांच्या मधोमध त्याचं शेत. मच्छिंद्र म्हणजे गावातला सगळ्यात उंच माणूस आणि सगळ्यात कमी बोलणारा, त्यामुळं तो चिडलाय का झोपलाय हे त्याच्या बायकोलाही लवकर कळत नसे.

तेवढ्यात पीरमहंमद चाचा पळत आले. ह्या वयाचा माणूस पळताना बघितला की गावाला कळतं काहीतरी भयंकर झालंय. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“लालमियाँ, काय केलंस तू? बापाच्या आमदानीपासनं ह्या गावात मशिदीनं कुनाचं येवढं ढेकूळ मागितलं न्हाई, आन् तू वढा मागितलास?”

“चाचा, मी ओढा नाही मागितला…”

“मग हद्द कसली? जमीन कसली?”

लालमहंमदनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आठ दिवस त्याची अब्रू गेली होती ती त्याची स्वतःची होती, हसण्यावारी नेता येत होती. पण आता त्याच्या एका अर्जामुळं चाचांना आपल्याच गावात खाली बघावं लागत होतं. खेचरं परवडली, त्याला वाटलं. तो सरळ चालत मच्छिंद्रपाशी गेला, साखळी खाली ठेवली, आणि पहिल्यांदा आपणहून टोपी काढून हातात घेतली.

“मच्छिंद्रभाऊ, जमीन नको.”

मच्छिंद्र बघत राहिला.

“ओढा नको. हद्द नको. ही पोरं हात-पाय धुवायला नको म्हणतात. पाणी मैलाच्या आत असेल तर धुवावे लागतात, बाहेर असेल तर नाही. ती म्हणतात बाहेर आहे. मी म्हणतो आत आहे. तेवढंच मोजायचंय.”

मच्छिंद्रनं कुऱ्हाड बांधावर आडवी ठेवली.

“म्हंजी कोरट न्हाई?” मच्छिंद्रनं विचारलं.

“कोर्ट नाही.”

“पानी किती पायजे?”

लालमहंमदनं ओंजळ करून दाखवली. “एवढं. दर पोराला चार-सहा वेळा.”

मच्छिंद्रनं त्या ओंजळीत वाकून बघितलं, जणू तळाला काही कलम लिहिलेलं आहे. मग त्याच्या छातीत कुठंतरी खोल खडखडाट झाला, आणि लोक दोन पावलं मागं सरकले, कारण मच्छिंद्र हसतोय हे ओळखायची कुणालाच सवय नव्हती. “आरं, मी रातभर कुऱ्हाड परजली!” तो म्हणाला, आणि डोळे पुसायला लागला. मग चाळीसच्या चाळीस माणसं हसली. चाचा मात्र हसले नाहीत, ते बांधावर बसले आणि छातीवर हात ठेवून नुसता श्वास घेत राहिले.

मच्छिंद्रनं साखळी उचलली. “पोरांच्या हातात नगं. हरभरा तुडवत्यात. मी धरतो. पन सांगून ठिवतो, वढा मैलाच्या भायेर हाय. माज्या कंबरंला इचारा.”

झालं, गावात लगेच दोन पक्ष पडले, आतले आणि बाहेरचे. माणसं आपापली कामं सोडून साखळीबरोबर निघाली. मनकर्णाबाई बाहेरच्या पक्षात, कारण आतल्या पक्षात उस्ताद होते. साखळी तेहतीस फुटी, म्हणजे मैलाला एकशे साठ साखळ्या, असं शामकांतरावांनी जाहीर केलं. मेहताब ओढणीत खडे टाकून मोजत होती, आणि एक खडा इकडचा तिकडं होऊ देत नव्हती. दस्तगीर अधूनमधून साखळीवर पाय देऊन तिला आखूड करायचा, म्हणजे मैल लवकर संपेल. मच्छिंद्रनं त्याला उचलून खांद्यावर बसवला. बाभळींतून, खडकांतून, उन्हातून साखळी चालली. शंभर झाल्या. एकशे वीस. एकशे चाळीस. दहा वाजून गेले, थंडी कुठल्या कुठं पळाली, पोरांच्या अंगावर धुळीचे थर, घामाचे ओघळ.

एकशे चौपन्नाव्या साखळीला ओढ्याचा काठ लागला.

“आत!” लालमहंमद ओरडला. असा ओरडला की स्वतःच दचकला.

“पन पानी कुठं हाय, उस्ताद?” मेहताब म्हणाली.

सगळ्यांनी बघितलं. ओढ्यात पांढरीशुभ्र कोरडी वाळू. दस्तगीरच्या बकऱ्या ज्या डोहावर पीत, तो पार खालच्या अंगाला, मैलाच्या बाहेर. बाहेरच्या पक्षानं जल्लोष केला. लालमहंमद काठावर मटकन बसला. त्याला सुप्याची मोटार दिसली, हवालदार दिसला.

“अजून सहा साखळ्या हायती की,” मच्छिंद्र म्हणाला. स्वतः बाहेरच्या पक्षाचा, पण हिशेबाला पक्का माणूस. तो वाळूत उतरला, साखळी ओढत गेला, आणि एकशे एकोणसाठाव्या साखळीपाशी थांबून त्यानं टाचेनं वाळू उकरली. खाली काळसर, ओली. “झिरा काढा हितं. पानी हाय.”

आता बघा गंमत. पाणी लागलं तर पोरं हरणार होती. पण वाळू उकरायला मिळाल्यावर हार-जीत कोण लक्षात ठेवतो? चौदाही जण तुटून पडली. हातभर खड्डा झाला, दोन हात झाला, आणि तळाशी एकदम एक डोळा उघडल्यासारखा पाण्याचा थेंब चमकला. मग दुसरा. मग ओंजळभर.

दस्तगीरनं सरळ तोंडच घालायला घेतलं. मेहताबनं त्याची मान धरली.

“पहिली मनगटं!”

“तान लागलीया!”

“पी, मंग मनगटं. आन् सांडू नगंस. सांडलंस तर तूच पुन्यांदा उकरायचं.”

पाणी झिरपत होतं हळूहळू, एका वेळी एकाची ओंजळ, बाकीचे रांगेत. आणि ज्यानं स्वतः नखं फुटेस्तोवर वाळू उकरून ते पाणी काढलंय तो ते उधळेल कसा? चूळ भरली ती गालभर फिरवून. नाकात घेतलं. चेहऱ्यावर पाणी लागलं तसा एकेकाचा आऽऽ निघत होता. कोपराच्या पुढं ओघळ गेला की दुसरा ओरडायचा, “वाया गेलं, वाया गेलं!” आणि कोपर कोरडं राहिलं की तिसरा बोट दाखवायचा. दस्तगीर दगडानं टाच घासत बसला होता आणि खालून निघालेला आपलाच गोरा पाय बघून चकित झाला होता.

काठावर पीरमहंमद चाचा बसले होते. पोरांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. उस्तादांकडं तर कुणीच बघितलं नाही, आणि खरं सांगायचं तर लालमहंमदला त्याचा जरासा रागच आला. आठ दिवस जीव काढला, आणि आता कुणी विचारतसुद्धा नाही, उस्ताद, बरोबर आहे का!

“लालमियाँ,” चाचा म्हणाले.

“जी.”

“चाबूक दिसला न्हाई मला.”

लालमहंमदनं हातातल्या टोपीचा गोंडा सरळ केला.

“ऱ्हा तू. तीन म्हयने न्हाई, तुजी मर्जी असंल तोवर.” आणि मग आवाज चढवून, “पन फुडल्या खेपंला काय मोजायचं आसंल तर आधी मला इचार! माजं काळीज हाय, बैलगाडीचं चाक न्हाई!”

लालमहंमदला आठ दिवसांत पहिल्यांदा कडकडून भूक लागली. शामकांतराव खडकावर बसून पंचनामा लिहीत होते. वाद: आढळला नाही. पाणी: आढळले. मच्छिंद्र, मनकर्णाबाई आणि दोन-तीन जण सही-अंगठ्याला उभे होते. बाई म्हणत होत्या, “मी अंगठा दिते, पन भिंतीचं लिवा त्यात.”

“चला रं,” चाचांनी पोरांना हाक घातली. “जुम्म्याची येळ झाली. मशिदीपातुर सांभाळून चाला, वाटंत वारा सुटून वजू मोडली तर परत हितवर यावं लागंल.” हे ऐकल्याबरोबर चौदाही पोरं अशी जपून, अशी पोट आवळून उभी राहिली, की दस्तगीरनं श्वासही अर्धाच घेतला.

आणि मग लालमहंमदच्या ध्यानात आलं, की त्याची स्वतःची वजू राहिलीच. तो खड्ड्याशी गेला. तळ कोरडा. चौदा जणांनी सगळं संपवलं होतं. चाळीस माणसं, चाचा, तलाठी, सगळी काठावर खोळंबलेली, आणि उस्ताद वाळूत गुडघे टेकून पाणी झिरपायची वाट बघतायत. थेंब आला. ओंजळभर झालं. त्यानं मनगटं धुतली, चूळ भरली, पुन्हा वाट बघितली. पोरं खड्ड्याभोवती गोल करून बसली होती, डोळे त्याच्या हातांवर. त्यानं तोंड धुतलं. हात धुतले. डोक्यावरून ओला हात फिरवला, पाय धुतले, आणि उठायला लागला.

“उस्ताद,” मेहताब हळूच म्हणाली.

“काय?”

“आंगठी हलवली न्हाई.”

त्याच्या करंगळीत आईनं दिलेली चांदीची अंगठी होती. अंगठी फिरवून तिच्याखाली पाणी पोचवायचं असतं, हे त्यानं एकदाच, कधीतरी ओझरतं सांगितलं होतं. पोरांपैकी कुणाकडंही अंगठी नव्हती. कुणी ऐकलं असेल असं त्याला वाटलंच नव्हतं.

तो पुन्हा खाली बसला. चौदा जणांनी त्याच्याबरोबर थांबून पाणी येऊ दिलं. मग त्यानं हात पुन्हा धुतला, अंगठी फिरवली, आणि तिच्याखालच्या त्या बारीकशा कोरड्या पट्टीला ते गार पाणी लागलं.

“आता?” त्यानं विचारलं.

मेहताबनं वाकून नीट बघितलं. मग म्हणाली, “आता झाली.”